स्क्रीन रीडर, कीबोर्ड आणि कर्सर : सोलापुरातल्या नव्या शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दर रविवारी सोलापुरात माझ्या घरीच दोन-तीन जणांना स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, शिकवते. मला स्वतःला अजिबात दिसत नाही. शिकायला कुणी पूर्व भागातून येतं, कुणी जुळे सोलापुरातून, कुणी मोहोळ-अक्कलकोटहून एसटीने. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात आणि ते प्रश्न फार रास्त असतात. म्हणून त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

वाचताना एक लक्षात ठेवा. 'इन्सर्ट आणि टी' असं लिहिलं असेल तिथे इन्सर्ट दाबून धरायचं, टी एकदा दाबायचं आणि मग दोन्ही सोडायची. अधिकचं चिन्ह मी मुद्दाम टाळलं आहे. विरामचिन्हं कमी ऐकण्याची सेटिंग असेल तर ते वाचलंच जात नाही.

कोणता स्क्रीन रीडर घ्यावा? पैसे किती लागतात?

एनव्हीडीए घ्या. तो फुकट आहे आणि विंडोज १० आणि ११ वर चांगला चालतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी तो लिहायला घेतला. पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. काय अडतं हे रोज स्वतः अनुभवणाऱ्यांनी तो बनवला आहे आणि वापरताना ते जाणवतं.

जॉज हा त्याहून जुना आणि ताकदवान स्क्रीन रीडर आहे, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. परवान्याशिवाय तो एका वेळी ४० मिनिटं चालतो, नंतर कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागतो. एखाद्या ऑफिसात तुमच्यासमोर जॉज आला तरी घाबरू नका. शीर्षक ऐकण्याचं इन्सर्ट आणि टी, वेबपानावर मथळ्यांसाठी एच, सरावाच्या मोडसाठी इन्सर्ट आणि १, अशा बऱ्याच गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत.

घरात डोळस माणूस कुणी नाही. एनव्हीडीए टाकायचा कसा?

विंडोजमध्ये नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तिन्ही बटणं एकत्र दाबा, तो बोलायला लागेल. त्याच्या आधाराने एनव्हीडीए उतरवून घ्या. एनव्हीडीएची फाइल चालू केली की तो स्वतःच बोलू लागतो. मग त्याच तीन बटणांनी नॅरेटर बंद करा, नाहीतर दोन आवाज एकमेकांत मिसळतात. एकदा बसवल्यावर पुढे कधीही कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबलं की एनव्हीडीए सुरू होतो. बंद करायला इन्सर्ट आणि क्यू.

माउस खरंच लागत नाही?

लागत नाही. विंडोजमधलं जवळजवळ प्रत्येक काम कीबोर्डने करता येतं. टॅबने पुढच्या गोष्टीवर, शिफ्ट आणि टॅबने मागच्या. ऑल्ट आणि टॅबने एका खिडकीतून दुसरीत. चौकटीत खूण करायला स्पेस, यादीतला पर्याय बदलायला ॲरो, उजव्या क्लिकचा मेनू हवा तर शिफ्ट आणि एफ १०, खिडकी बंद करायला ऑल्ट आणि एफ ४. काही चुकीचं उघडलं असं वाटलं तर आधी एस्केप.

आमच्याकडे एमएस-सीआयटी झालेले लोकही येतात, ज्यांची नजर नंतर गेली. त्यांना हे जास्त जड जातं. 'डाव्या कोपऱ्यातलं निळं चित्र' असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यांना मी सांगते की कोपरा विसरा, नाव लक्षात ठेवा. स्क्रीन रीडर नावं सांगतो. एखादी गोष्ट कुठे दिसते यापेक्षा तिच्या आधी काय येतं आणि नंतर काय येतं ते तुमच्या उपयोगाचं आहे.

बटणं हाताने ओळखायची कशी?

एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवा. तिथून सगळा कीबोर्ड मोजता येतो. उजवीकडचा आकड्यांचा भाग असेल तर त्यातल्या ५ वरही तसाच उंचवटा असतो.

मग इन्सर्ट आणि १ दाबा. आता कुठलंही बटण दाबलं तरी ते काम करणार नाही, फक्त स्वतःचं नाव सांगेल. एनव्हीडीएची आज्ञा असेल तर ती काय करते हेही सांगेल. पुन्हा इन्सर्ट आणि १ दाबलं की नेहमीसारखं सुरू. या मोडमध्ये काही बिघडत नाही, काही पुसलं जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला रविवार यातच जातो. भीती मोडायला याहून चांगली गोष्ट मला सापडलेली नाही.

आधी टायपिंग की आधी स्क्रीन रीडर?

दोन्ही एकत्र. माझी तर सुरुवातच अडली होती. बारावीनंतर मी एका टायपिंग क्लासमध्ये गेले. 'दिसत नाही तर टायपिंग काय करणार,' असं म्हणून त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं की चांगला टायपिस्ट कीबोर्डकडे बघतच नाही. तुम्हाला कुणी असं म्हणालं तर हे उत्तर तयार ठेवा.

टाइप करताना इन्सर्ट आणि २ ने प्रत्येक अक्षर बोलणं चालू-बंद होतं, इन्सर्ट आणि ३ ने प्रत्येक शब्द. सुरुवातीला दोन्ही चालू ठेवा. हात बसला की अक्षरं बंद करून फक्त शब्द ऐका.

माझ्या लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा भाग नाही, आणि इन्सर्टही सापडत नाही.

मग सेटिंग बदला. इन्सर्ट आणि एनने एनव्हीडीएचा मेनू उघडतो, त्यात प्रेफरन्सेस, सेटिंग्ज, कीबोर्ड. तिथे लेआउट, म्हणजे आज्ञांच्या बटणांची मांडणी, 'लॅपटॉप' करा आणि कॅप्स लॉक हे एनव्हीडीएचं बटण म्हणून निवडा. पहिल्यांदा इन्सर्ट सापडत नसेल तर डेस्कटॉपवरच्या एनव्हीडीएच्या चिन्हावरून आत गेल्यावर येणाऱ्या स्वागताच्या चौकटीतही या दोन्ही गोष्टी निवडता येतात. नंतर खरं कॅप्स लॉक हवं असेल तेव्हा ते पटकन दोनदा दाबायचं.

या पानावर मी 'इन्सर्ट' म्हणते तिथे तुम्ही कॅप्स लॉक समजा. काही आज्ञा मात्र दोन्ही लेआउटमध्ये वेगळ्या आहेत. सगळं सलग वाचायला डेस्कटॉपमध्ये इन्सर्ट आणि डाउन ॲरो, लॅपटॉपमध्ये इन्सर्ट आणि ए. चालू ओळ ऐकायला डेस्कटॉपमध्ये इन्सर्ट आणि अप ॲरो, लॅपटॉपमध्ये इन्सर्ट आणि एल. दुसऱ्याकडून आज्ञा विचारून घेताना त्याचा लेआउट कोणता आहे हे आधी विचारा. अर्धे घोटाळे इथेच होतात.

कर्सर म्हणजे नक्की काय? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण 'कर्सर' या एकाच शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. ही एवढी गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट फोकस. तुम्ही आत्ता जे बटण दाबाल ते कुणाला लागू होईल, त्या जागेला फोकस म्हणतात. सात रस्त्याच्या चौकात उभं राहिल्यावर आपलं तोंड कुठल्या रस्त्याकडे आहे ते माहीत नसेल तर सरळ चालूनही आपण भलतीकडेच पोचतो. फोकस म्हणजे ते तोंड. 'सेव्ह' वर असताना एंटर दाबलं तर फाइल जतन होते, 'कॅन्सल' वर असताना तेच एंटर चौकट बंद करतं.

दुसरी गोष्ट लिहिण्याचा कर्सर. हा फक्त मजकुरात असतो. पुढचं अक्षर कुठे पडेल ते तो ठरवतो. ॲरो बटणांनी हा हलतो.

तिसरी गोष्ट रिव्ह्यू कर्सर. हा एनव्हीडीएचा स्वतःचा आहे, विंडोजला त्याचा पत्ताही नसतो. पंगतीत बसलेलं असताना आपलं पान न सोडता आपण शेजाऱ्याला विचारतो, 'तिकडे काय वाढतायत?' तसा हा कर्सर. तो पडद्यावर फिरून वाचून येतो, पण तुमचा फोकस आणि तुमचा लिहिण्याचा कर्सर होते तिथेच राहतात.

चौथी गोष्ट माउसचा बाण. तुम्ही त्याला हात लावला नाही तर तो जिथे आहे तिथेच पडून असतो.

एरवी रिव्ह्यू कर्सर फोकसच्या आणि लिहिण्याच्या कर्सरच्या मागे मागे चालतो. त्यामुळे सुरुवातीला सगळं एकच आहे असं वाटतं. तुम्ही त्याला मुद्दाम हलवलं की ते वेगळे होतात, आणि तेव्हाच नव्या माणसाचा गोंधळ उडतो : ऐकू एक येतंय आणि पुसलं दुसरंच जातंय. असं झालं तर कुठला कर्सर हलवत होतात हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा.

मी हरवलो/हरवले तर काय करायचं?

जागच्या जागी थांबा. बटणं दाबत सुटू नका. चौकात दिशा चुकली की आपण काठी टेकवून उभे राहतो, आवाज ऐकतो आणि मगच पाऊल उचलतो, तसंच.

मग विचारा. इन्सर्ट आणि टी : मी कुठल्या खिडकीत आहे? इन्सर्ट आणि टॅब : माझा फोकस कशावर आहे? इन्सर्ट आणि बी : या खिडकीत किंवा चौकटीत काय काय आहे? मजकुरात असाल तर चालू ओळ ऐका. या चार विचारण्यांनी काहीच हलत नाही, काहीच बदलत नाही, फक्त माहिती मिळते. मी विद्यार्थ्यांना पन्नास आज्ञा पाठ करायला लावत नाही. पण या चार झोपेतून उठवून विचारल्या तरी आल्या पाहिजेत, यावर माझा हट्ट असतो. हलण्याआधी आपण कुठे आहोत ते विचारायची सवय ज्याला लागली, तो नवीन सॉफ्टवेअरमध्येही स्वतःहून वाट काढतो. ज्याने फक्त 'तीनदा टॅब, मग एंटर' असं पाठ केलं, त्याची वाट पहिल्याच अपडेटला मोडते.

"ताई, बोलायचाच बंद झालाय की ओ!"

हा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. बहुतेक वेळा चुकून इन्सर्ट आणि एस दाबलं गेलेलं असतं. त्याने बोलण्याचे प्रकार बदलतात आणि त्यातल्या एका प्रकारात एनव्हीडीए पूर्ण गप्प बसतो, एकात नुसते बीप वाजतात. पुन्हा इन्सर्ट आणि एस दाबत जा, आवाज परत येईल. तसं नसेल तर आवाजाची पातळी आणि हेडफोनची पिन तपासा. तरीही काही नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन. एनव्हीडीए आधीच चालू असला तरी त्याने तो नव्याने सुरू होतो.

तो जास्तच बोलत असेल तर कंट्रोल एकदा दाबा, चालू वाक्य थांबतं. शिफ्टने ते तात्पुरतं थांबतं आणि पुन्हा शिफ्ट दाबलं की पुढे चालू होतं.

मजकुरात कसं फिरायचं, आणि चुकीचं अक्षरच का पुसलं जातं?

विंडोज आणि आर दाबा, नोटपॅड टाइप करा, एंटर. आता चार-पाच ओळी लिहा.

उजव्या-डाव्या ॲरोने एकेक अक्षर, वर-खाली एकेक ओळ. कंट्रोल धरून उजवा-डावा ॲरो म्हणजे एकेक शब्द. होम म्हणजे ओळीची सुरुवात, एंड म्हणजे ओळीचा शेवट. कंट्रोल धरून होम किंवा एंड म्हणजे पूर्ण मजकुराची सुरुवात किंवा शेवट. याच सगळ्यांबरोबर शिफ्टही धरलं की मजकूर निवडला जातो.

आता पुसण्याचं. कर्सर अक्षरावर नसतो, दोन अक्षरांच्या मध्ये असतो. एनव्हीडीए तुम्हाला कर्सरच्या पुढचं अक्षर सांगतो. 'चादर' या शब्दात फिरताना 'द' ऐकू आला, म्हणजे तुम्ही 'चा' आणि 'द' यांच्या मध्ये आहात. आता डिलीट दाबलं तर 'द' जाईल. बॅकस्पेस दाबलं तर मागच्या 'चा' ला धक्का लागेल. शिकणारा ऐकतो 'द', दाबतो बॅकस्पेस आणि मग म्हणतो की कॉम्प्युटर चुकतोय.

म्हणून एवढं धरून ठेवा : जे ऐकलं ते पुसायचं तर डिलीट, जे आत्ताच लिहिलं ते पुसायचं तर बॅकस्पेस. बॅकस्पेस काय पुसलं ते बोलतं. डिलीटनंतर मात्र कर्सरपुढे आता कोणतं अक्षर आलंय ते बोललं जातं. या फरकानेही बरेच जण गडबडतात.

अक्षर घालायचं असेल तर ते ऐकलेल्या अक्षराच्या आधी पडतं. 'सोलापर' असं चुकून लिहिलं गेलं तर 'र' ऐकू येईपर्यंत जायचं आणि तिथे ऊकार द्यायचा. तो 'प' ला लागेल. हा एक सराव आठवडाभर करा. रोज दहा शब्द मुद्दाम चुकीचे लिहा आणि पुन्हा न लिहिता, फक्त आत जाऊन दुरुस्त करा.

मराठी टाइप करायला कोणती पद्धत शिकावी?

इनस्क्रिप्ट. याबद्दल माझं मत पक्कं आहे.

ही १९९१ च्या भारतीय मानकातली पद्धत आहे आणि विंडोजमध्ये ती मराठी भाषा जोडली की मिळते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. उंचवट्याच्या जे वर 'र' आहे, उंचवट्याच्या एफ वर ऱ्हस्व वेलांटी. शेजारच्या डी वर पाय मोडायची खूण. 'सोलापूर' म्हणजे एम, ए, एन, ई, एच, टी, जे. 'ळ' साठी शिफ्ट आणि एन, कारण 'ल' एन वर आहे. अक्षरांच्या जागांमागे तर्क आहे, त्यामुळे त्या हाताने लक्षात राहतात.

आणि आपल्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच आहे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढतात. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीत ती आधीच टाइप करावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये आधी 'स', मग वेलांटी, म्हणजे आपण 'सि' जसं उच्चारतो त्याच क्रमाने. ज्याने अक्षराचा आकार कधी पाहिलाच नाही, त्याला हा कानाचा क्रम सरळ पडतो. 'सिद्धेश्वर' हा शब्द मी पहिल्याच दिवशी टाइप करायला देते. त्यात वेलांटी आहे, दोन जोडाक्षरं आहेत, मात्रा आहे. तो एकदा हातातून सुटला की बाकी मराठी अंगावर येत नाही.

भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस. कोणती भाषा झाली ते एनव्हीडीए सांगतो. मराठी वाचून घ्यायला एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या बोलणाऱ्या इंजिनमध्ये मराठी आवाज आहे. आवाजाच्या सेटिंगसाठी इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही. तो आवाज यांत्रिक आहे, पहिले दोन दिवस कानाला खटकतो. धीर धरा.

एक फरक मराठीत कायम भेटेल. ॲरो आणि डिलीट पूर्ण अक्षर त्याच्या मात्रेसकट धरतात, पण बॅकस्पेस फक्त शेवटचा तुकडा काढतं. 'री' वर बॅकस्पेस दाबलं तर वेलांटी जाते आणि 'र' राहतो. सवय झाली की हे सोयीचंच वाटतं, कारण पूर्ण अक्षर पुन्हा लिहावं लागत नाही.

एका मराठी फाइलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं ऐकू येतात. एनव्हीडीए बिघडला का?

नाही. ती फाइल श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्यात आतली अक्षरं मराठी नसतात, फक्त चित्र मराठीसारखं दिसतं. डोळस माणसाला फरक कळत नाही, आपल्याला मात्र पहिल्या शब्दाला कळतो. युनिकोडमध्ये मात्र आतली अक्षरंही खरी मराठी असतात. ज्याने फाइल पाठवली त्याला 'युनिकोडमध्ये पाठवा' असं सांगा, न लाजता. स्कॅन केलेल्या पीडीएफचं दुखणं वेगळं. तिथे मजकूरच नसतो, फोटो असतो.

वेबपानावर मी नाव टाइप करतो आणि तो भलतीकडेच पळतो. असं का?

कारण वेबपानावर एनव्हीडीए दोन मोडमध्ये काम करतो. ब्राउझ मोडमध्ये अक्षरांची बटणं फिरण्यासाठी वापरली जातात : एचने पुढचा मथळा, केने पुढची लिंक, बीने बटण, ईने लिहिण्याची जागा, टीने तक्ता, एलने यादी. शिफ्ट धरलं की हेच उलट दिशेने. १ ते ६ हे आकडे मथळ्यांच्या पातळ्यांसाठी. फोकस मोडमध्ये मात्र अक्षर म्हणजे अक्षरच, जे दाबाल ते लिहिलं जातं.

तुम्ही ब्राउझ मोडमध्ये राहून 'किरण' लिहायला गेलात की के दाबताच लिंकवर, आय दाबताच यादीच्या पुढच्या नोंदीवर, आरने रेडिओ बटणावर असे पळत सुटता. उपाय सोपा आहे. लिहिण्याच्या जागेवर एंटर किंवा इन्सर्ट आणि स्पेस दाबा. मोड बदलला की छोटासा आवाज होतो. तो आवाज कानात बसवून घ्या. टाइप करण्याआधी तो ऐकायचा, लिहून झालं की एस्केपने परत यायचं.

सरावासाठी मराठी विकिपीडियावरचं सोलापूरचं पान उघडा. वरपासून सगळं ऐकत बसू नका. आधी एच दाबत मथळ्यांवरून एकदा चालून जा : या पानात काय काय आहे त्याचा नकाशा डोक्यात तयार होतो. मग हवा तो मथळा गाठून तिथून डाउन ॲरोने वाचा. इन्सर्ट आणि एफ ७ ने सगळ्या लिंका आणि मथळे एका यादीत मिळतात. ठरावीक शब्द शोधायला इन्सर्ट, कंट्रोल आणि एफ.

पानावर मथळेच दिलेले नसतील तर एच दाबून काही होणार नाही. तो दोष तुमचा नाही, पान बनवणाऱ्याचा आहे. परीक्षेच्या फॉर्मवर अशी पानं भेटली की मला आजही राग येतो.

तक्ते डोक्यात बसत नाहीत.

वेबपानावर आणि वर्डमध्ये तक्त्यात शिरल्यावर कंट्रोल आणि ऑल्ट धरून ॲरो दाबा. आडवं गेलात तर स्तंभ बदलतो, उभं गेलात तर ओळ. एक्सेलमध्ये नुसते ॲरो पुरतात. मागावर काम केलेल्या घरातली मुलं हे पटकन पकडतात, कारण उभा ताणा आणि आडवा बाणा हे त्यांनी हाताने चाचपलेलं असतं. एका मुलीला तिच्या वडिलांनी घरची चादर हातात देऊनच ओळ आणि स्तंभ समजावले होते. तेव्हापासून मीही वर्गात चौकड्यांची सोलापुरी चादर ठेवते.

रिव्ह्यू कर्सर आणि ऑब्जेक्ट नॅव्हिगेशन कधी शिकावं?

महिनाभरानंतर. टॅबने जिथे पोचता येत नाही असं काही वाचायचं असेल तेव्हा त्यांची गरज पडते.

आकड्यांच्या भागावर, नम लॉक बंद असताना, ७-८-९ म्हणजे मागची, चालू आणि पुढची ओळ. ४-५-६ म्हणजे शब्द. १-२-३ म्हणजे अक्षर. हात तिथून न हलवता वाचता येतं. आकडेच टाइप होत असतील तर नम लॉक चालू राहिलंय. २ पटकन दोनदा दाबलं तर अक्षर शब्दानिशी स्पष्ट करून सांगितलं जातं, बी की डी हा घोळ मिटतो.

ऑब्जेक्ट नॅव्हिगेशन म्हणजे पेठेतून गल्लीत, गल्लीतून घरात शिरणं. इन्सर्ट धरून आकड्यांच्या भागावरचं ८ म्हणजे बाहेरच्या मोठ्या गोष्टीत, २ म्हणजे आतल्या पहिल्या गोष्टीत, ४ आणि ६ म्हणजे शेजारपाजार. हवं ते सापडलं की इन्सर्ट आणि आकड्यांच्या भागावरचं एंटर. परत आपल्या फोकसवर यायला इन्सर्ट आणि तिथलंच वजाबाकीचं बटण. लॅपटॉप लेआउटमध्ये फिरायला इन्सर्ट, शिफ्ट आणि ॲरो, चालवायला इन्सर्ट आणि एंटर, परत यायला इन्सर्ट आणि बॅकस्पेस.

घरातच माग आहेत. खडखडाटात काहीच ऐकू येत नाही.

पूर्व भागातल्या प्रत्येक दुसऱ्या विद्यार्थ्याची ही अडचण आहे. आवाज वाढवणं हा उपाय नाही, कान दुखतात आणि चिडचिड होते. एकाच कानात हेडफोन लावा, दुसरा कान घरासाठी मोकळा ठेवा, आणि बोलण्याचा वेग कमी करा. वेग बदलायला इन्सर्ट आणि कंट्रोल धरून उजव्या-डाव्या ॲरोने 'रेट' गाठा, मग वर-खाली ॲरोने कमी-जास्त करा. लॅपटॉप लेआउटमध्ये यात शिफ्टही धरायचं. मोठा सराव माग बंद असण्याच्या वेळी ठेवा. उगाच वेगाची स्पर्धा करू नका. समजेल त्या वेगावर काम करायचं आणि दर पंधरा दिवसांनी एक टप्पा वाढवून बघायचा.

किती दिवसांत येईल?

रोज पाऊण तास दिलात तर तीन महिन्यांत पत्र लिहिणं, ईमेल आणि साधी वेबपानं जमतात, हा माझा अनुभव. पहिले दोन आठवडे इंटरनेट नको, फक्त नोटपॅड. नळाला पाणी यायच्या दिवशी आपल्याकडे कुणाचाच अभ्यास होत नाही, ते धरूनच वेळापत्रक करा. चार दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नका, जिथे सोडलं तिथूनच.

वडिलांचं वय ५८ आहे, साखरेमुळे नजर गेली. त्यांना जमेल?

जमेल. मोठ्या माणसांना बटणांपेक्षा चारचौघांत चुकण्याची लाज आडवी येते. त्यांना एकटं शिकू द्या. आणि त्यांना आवडणारं काहीतरी पहिल्याच आठवड्यात वाचायला मिळू दे, मग ते वर्तमानपत्र असो की अभंग.

घरच्या डोळस माणसांनी मदत कशी करावी?

माउस हातात घेऊ नका. तुम्ही क्लिक केलंत की फोकस उडून भलतीकडे जातो आणि शिकणाऱ्याला कळतच नाही की आपण कुठे आलो. 'इथे दाब' म्हणू नका, 'टॅब दाब, काय ऐकू आलं सांग' म्हणा. उत्तर माहीत असलं तरी थोडं थांबा. एनव्हीडीए काय बोलतोय ते तुम्हाला पटकन कळत नसेल तर त्याच्या मेनूत टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे. त्याने बोललेला प्रत्येक शब्द पडद्यावर लिहून दिसतो. शाळेतल्या शिक्षकांनाही हे जरूर दाखवा.

याचा नोकरीला उपयोग होतो?

होतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पण जागा मिळाल्यावर खुर्चीत बसून काम करायचं ते याच कीबोर्डवर. मुलाखतीला जाताना लॅपटॉप बरोबर न्या आणि संधी मिळाली तर स्वतः एक पत्र लिहून दाखवा.

कॉलेजच्या लॅबमध्ये एनव्हीडीए नसतो, आणि काही बसवू देत नाहीत. मग?

पेन ड्राइव्हवर तो घेऊन जा. एनव्हीडीएच्या मेनूत टूल्समध्ये पोर्टेबल कॉपी तयार करण्याचा पर्याय आहे. तिथे पेन ड्राइव्ह निवडा आणि सध्याची सेटिंग बरोबर घेण्याच्या चौकटीत खूण करा, म्हणजे तुमचा लेआउट, आवाज आणि वेग तसाच येईल. लॅबमध्ये पेन ड्राइव्ह लावायचा, विंडोज आणि ई ने फाइल एक्स्प्लोरर उघडायचा, ड्राइव्हमध्ये जाऊन एनव्हीडीएवर एंटर. तोपर्यंतची दोन मिनिटं नॅरेटर वापरा.

ही कॉपी पासवर्डच्या पडद्यावर आणि परवानगी विचारणाऱ्या सुरक्षेच्या चौकटीत बोलत नाही. तेवढ्यापुरती कुणाची तरी मदत घ्या किंवा तिथेही नॅरेटर सुरू करा. निघताना इन्सर्ट आणि क्यू, मग पेन ड्राइव्ह काढा. आणि त्याला एक जाड दोरा बांधून ठेवा, म्हणजे लॅबच्या टेबलावर हाताला लगेच सापडेल.